अडगळीतली सायकल बाहेर काढा

वस्तीतल्या कुठल्याही बोळात शिरा, दोन-तीन घरांआड एक सायकल दिसतेच. कुणाची भिंतीला टेकलेली, टायर बसलेले, सीटवर पोतं टाकलेलं. कुणाची पत्र्यावर, जळणाच्या शेजारी. घरात हप्त्यावर मोटारसायकल आली की सायकल आधी कोपऱ्यात जाते, मग भंगारवाल्याकडे. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "आता कोण चालवतंय ओ ताई!" म्हसवडमध्ये आम्ही घरोघरी रक्तदाब आणि साखर तपासत फिरतो. सायकल गंजलेली आणि फळीवर गोळ्यांची पाकिटं वाढलेली, अशी घरं आता मोजता येणार नाहीत इतकी झाली आहेत.

गोळ्या बंद करा असं आम्ही मुळीच म्हणत नाही. नर्स म्हणून नोकरी केली तेवढी वर्षं आम्ही त्याच वाटल्या, आणि ज्यांनी मनानं बंद केल्या त्यांचं पुढं काय झालं तेही पाहिलं. पण या महिन्यात आरोग्याच्या पानावर गोळीऐवजी सायकलीबद्दल लिहायचं ठरवलं आहे. कामाला किंवा बाजाराला जायच्या सायकलीबद्दल नाही. हौसेनं, बारा महिने, आणि तयारी झाली की लांबवर चालवायच्या सायकलीबद्दल.

हौस हा शब्द वाचून काहींच्या कपाळाला आठी पडेल. रंगीत कपडे, हेल्मेट, मोटारसायकलीपेक्षा महाग सायकल, असे पुण्याकडचे लोक रविवारी घाटात दिसतात. हौस त्यांची, आपण पोटासाठी सायकल मारली, असं वस्तीतली वडीलधारी माणसं म्हणतात. त्यांचं खरं आहे. मिलमध्ये, वीटभट्टीवर, गवंड्याच्या हाताखाली जायला ज्यांनी रोज दहा-दहा मैल सायकल रेटली, त्यांना ती गरिबीची खूण वाटली तर दोष कसा द्यायचा? मोटारसायकल ही त्या गरिबीतून वर आल्याची खूण. म्हणून सायकल टाकताना कुणाला वाईट वाटत नाही.

दुसरा आक्षेप बायांचा असतो. "दिवसभर राबतो, रानात खुरपतो, चार घरची भांडी घासतो. वर आणि व्यायाम कशाला?" हा प्रश्न आम्हाला प्रत्येक बैठकीत विचारला जातो आणि तो रास्त आहे. उत्तर असं की राबणं आणि व्यायाम यांचा शरीरावर होणारा परिणाम सारखा नसतो. खुरपताना कंबर तासन्‌तास वाकलेली असते, ओझं उचलताना श्वास कोंडून रक्तदाब चढतो, आणि थकलं तरी थांबायची मुभा नसते. हृदयाला मात्र जे हवं असतं, म्हणजे अर्धा-पाऊण तास एका लयीत वाढलेली धडधड आणि नंतर पुरेशी विश्रांती, ते त्यात मिळत नाही. डेन्मार्कमध्ये एक लाखाहून अधिक लोकांचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०२१ साली आले. मोकळ्या वेळात आपखुशीनं हालचाल करणाऱ्यांत हृदयविकार आणि मृत्यू कमी दिसले. कामाच्या जागी जास्त अंगमेहनत करणाऱ्यांत उलट जास्त दिसले. म्हणजे कष्टकरी माणसाला व्यायामाची गरज नाही, ही समजूत आपल्यालाच महागात पडते. भारतात मधुमेह झालेल्यांची संख्या १० कोटींच्या पुढं गेली आहे, आणि तो आता फक्त बसून खाणाऱ्यांचा आजार राहिलेला नाही. आमच्या वहीत गवंडी आहेत, ऊसतोड करणारे आहेत, बाजारात भाजी विकणाऱ्या आहेत.

सायकल अंगात काय करते

मांडीचे आणि पार्श्वभागाचे स्नायू शरीरात सगळ्यांत मोठे. पायडल मारताना हेच स्नायू काम करतात. काम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो, आणि त्या वेळी इन्सुलिन कमी असलं तरी ओढतो. व्यायाम थांबल्यावरही हा परिणाम साधारण एक दिवस, कधी दोन दिवस टिकतो. म्हणून मधुमेहवाल्यांनी सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा करू नये. आठवडाभर काही नाही आणि रविवारी एकदम ४० किलोमीटर, याचा उपयोग कमी आणि त्रास जास्त.

पश्चिम युरोपातल्या देशांत सुमारे साडेसात हजार मधुमेही लोकांची अनेक वर्षं पाहणी झाली. जे सायकल चालवत होते त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण न चालवणाऱ्यांपेक्षा साधारण पाव हिस्स्यानं कमी होतं. त्याआधी २००० साली कोपनहेगनमधल्या सुमारे ३० हजार लोकांच्या अभ्यासात असं दिसलं होतं की जे कामावर सायकलनं जात नव्हते त्यांच्यात मृत्यू ३९ टक्क्यांनी जास्त होते. तिकडं सायकल गरिबीची खूण नाही. डॉक्टर, मंत्री, कारकून सगळे चालवतात.

गुडघ्यांचं विचाराल तर चालताना अंगाचा सगळा भार गुडघ्यावर येतो, सायकलवर तो सीट घेतं. वजन जास्त असलेल्या, जिना चढताना गुडघा धरणाऱ्या बायांना म्हणून सायकल चालण्यापेक्षा सोसते. एक गोष्ट मात्र सायकलनं होत नाही. हाडं बळकट व्हायला अंगाचा भार हाडांवर यावा लागतो. तेव्हा पाळी गेलेल्या बायांनी सायकलबरोबर थोडं चालणंही चालू ठेवावं.

किती चालवायची? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झाला तरी पुरे. मध्यम म्हणजे किती, हे ओळखायला घड्याळ लागत नाही: सायकल चालवताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये.

स्वतःचं चाक

सायकल आणि आपला समाज यांच्यात आरोग्यापलीकडची एक गोष्ट आहे. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये १९०१ सालचा प्रवास लिहिला आहे, तो बहुतेक घरांना ठाऊक आहे. वडील आपल्या शेजारच्या खटाव तालुक्यात, दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार होते. त्यांना भेटायला मुलं साताऱ्याहून रेल्वेनं मसूरला उतरली. जात कळताच एकही गाडीवान गाडीत घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण तयार झाला, तोही मुलांनीच बैल हाकायचे आणि त्यानं बाजूनं चालायचं या अटीवर. रात्रभर मुलांना पिण्याचं पाणीही मिळालं नाही. प्रवासाचं साधन आणि वाटेतलं पाणी दुसऱ्याच्या हातात असलं की काय होतं, ते नऊ-दहा वर्षांच्या मुलानं आपल्याच मुलखात भोगलं.

पुढं सायकल आली. आमच्या घरातली जुनी माणसं सांगत की चावडीपुढं आलं की सायकलवरून उतरायचं, हातात धरून पुढं न्यायची आणि मग पुन्हा बसायचं. ज्यांनी उतरायला नकार दिला त्यांच्या भांडणाच्या गोष्टीही आम्ही ऐकल्या. म्हणून वस्तीतलं पोरगं गावातून घंटी वाजवत सरळ जातं, ते आम्हाला उगीच बघत उभं राहावंसं वाटतं.

बायांच्या बाबतीत ही गोष्ट अजून पुरी झालेली नाही. म्हसवडमध्येच १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. तिच्या बरोबरच्या माणदेशी फाउंडेशननं दूरच्या वाड्यांवरच्या मुलींना शाळेसाठी सायकली दिल्या. अंतरामुळं शाळा सुटू नये, हा त्यामागचा हेतू. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सरकारनं सायकली दिल्या, तर त्या वयाच्या मुलींची हायस्कूलमधली नोंदणी सुमारे ३० टक्क्यांनी वाढली. हे सगळं चांगलं झालं. पण आमच्या पाहणीत एक गोष्ट खटकते. मुलीची सायकल बारावीपर्यंत चालते, लग्न ठरलं की थांबते. भावाला मोटारसायकल मिळते आणि बहिणीची सायकल धाकट्या पोराकडं जाते. वीस-बाविसाव्या वर्षी जिनं सायकल सोडली, तिला चाळिशीत आम्ही "रोज व्यायाम करा" म्हणून सांगायला जातो.

तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर बायांना सायकल शिकवायची मोहीम निघाली. शीला राणी चुंकत तेव्हा तिथं कलेक्टर होत्या. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीतल्या अशा लाखभर बाया सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी नळीवाल्या जेन्ट्स सायकली घेतल्या आणि नळीवर पोर बसवून चालवल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यांच्यावर लिहिलं आहे. पोटापाण्याचा फायदा झालाच, पण तिथल्या बायांनी सगळ्यांत आधी सांगितलं ते हे की आता बससाठी ताटकळावं लागत नाही आणि नेऊन सोडा म्हणून कुणाच्या विनवण्या कराव्या लागत नाहीत.

आता गैरसमजांचं बोलू, कारण ते बैठकीत कुणी मोठ्यानं विचारत नाही, उठताना कानात विचारतात. सायकलनं गर्भाशय खाली सरकत नाही. ते सरकतं ते वारंवारच्या बाळंतपणांमुळं, बाळंतपणानंतर विश्रांती न मिळाल्यामुळं आणि वर्षानुवर्षं जड ओझं उचलल्यामुळं. पाळीत सायकल चालवायला हरकत नाही. पोटात दुखत असेल तर त्या दिवशी राहू द्या. मुलींच्या 'पडद्या'बद्दल जी भीती घातली जाते तिला वैद्यकशास्त्रात आधार नाही. तो पडदा प्रत्येकीत वेगळा असतो आणि त्यावरून कुणाच्या चारित्र्याचं काही ठरत नाही. गरोदरपणात मात्र पडण्याचा धोका असतो, तेव्हा त्या काळात चालणं बरं. आणि ज्या बाईला जिना चढताना धाप लागते, डोळ्यांच्या आतली कड पांढरी दिसते, तिनं आधी हिमोग्लोबिन तपासावं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. रक्त भरल्याशिवाय लांबची सायकल म्हणजे रिकाम्या टाकीवर गाडी.

सायकल दुरुस्त, मग माणूस

नवी सायकल घ्यायची गरज नाही. अडगळीतली बाहेर काढा, दुरुस्तीवाल्याकडं न्या. टायर-ट्यूब, ब्रेकचे रबर, चेनला तेल, तारा ताणून चाक सरळ करून घेणं, एवढ्यात ती उभी राहते. एकट्याला खर्च जड वाटला तर तीन घरांत एक सायकल ठेवा आणि वार वाटून घ्या. गिअर नसले तरी म्हसवडच्या आसपास काही अडत नाही.

सगळ्यांत मोठी चूक सीटची. उभं राहिलं की दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून लोक सीट फार खाली ठेवतात. मग चालवताना गुडघा जास्त वाकतो आणि वाटीवर ताण येतो. "सायकलनं गुडघे दुखले" असं सांगणारे बहुतेक असेच चालवत असतात. उंची अशी ठरवा: भिंतीला धरून सीटवर बसा, पायडल पार खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला की उंची बरोबर. चालवताना मात्र टाच नाही, पायाचा चवडा पायडलवर ठेवायचा, म्हणजे गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो. सीटचं टोक वर उचललेलं नसावं. पुरुषांना लांब चालवल्यावर मांड्यांच्या मध्ये बधिरपणा येतो, त्याचं कारण बहुधा हेच असतं. सीट सपाट करा आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी पायडलवर क्षणभर उभे राहा. करंगळीला मुंग्या येत असतील तर हँडलवर फार रेलू नका, हाताची जागा बदलत राहा.

बायांसाठी आणखी एक. ओढणी आणि साडीचा पदर चाकात अडकून झालेले अपघात आम्ही दवाखान्यात पाहिले आहेत, आणि ते साधे नव्हते. ओढणी पाठीमागं गाठ मारून कमरेत खोचा, मागच्या चाकाला जाळी आणि चेनला कव्हर असू द्या. पंजाबी ड्रेसवर चालवलं तर उत्तम. कोण काय म्हणेल याचा विचार पहिले आठ दिवस होतो.

माणदेशात बारा महिने

सायकल बारा महिने चालवायची तर आपल्या हवेशी जुळवून घ्यावं लागतं. पुण्या-मुंबईचं वेळापत्रक इथं चालत नाही.

चैत्र-वैशाखात इथं पारा चाळिशी गाठतो. पहाटे साडेपाचला निघा आणि साडेसातच्या आत घरी या. संध्याकाळची सायकल नको, कारण डांबर दिवसभराची उष्णता रात्रीपर्यंत सोडत असतं. डोकं दुखणं, मळमळ, पोटरीत गोळे, चक्कर ही ऊन लागल्याची पहिली चिन्हं. तिथंच थांबा, सावलीत बसा, पाणी प्या. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग चटका बसेल इतकं तापलं, शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात. अशा वेळी आधी अंगावर पाणी ओता, कपडे सैल करा, वारा घाला, आणि त्याच वेळी १०८ला फोन करा. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. रक्तदाबावर लघवी जास्त होणारी गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात डॉक्टरांना विचारूनच अंतर वाढवा.

ज्येष्ठ-आषाढात दुसरीकडं पाऊस आणि आपल्याकडं नुसता वारा. हा वारा पश्चिमेकडून येतो. म्हणजे गोंदवले-दहिवडीकडं निघालात की तो तोंडावर आणि परतताना पाठीवर. या दिवसांत हीच दिशा धरा. जाताना दम असतो तेव्हा वाऱ्याशी झुंजायचं आणि दमल्यावर त्यानंच घरी आणून सोडायचं. उलट दिशेला, पिलीवकडं, वाऱ्याच्या जोरावर मजेत लांब गेलेली पोरं परतताना रडकुंडीला येतात.

आपला खरा पाऊस भाद्रपद-अश्विनात. ओली रिम असली की ब्रेक लवकर लागत नाही. म्हणून वळणाच्या बरंच आधी ब्रेक हलका दाबून रिम पुसून घ्यायची, मग थांबायचं. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर ते कितीही उथळ दिसो, थांबा किंवा मागं फिरा.

कार्तिक ते माघ हा सायकलीचा सुकाळ. हवा कोरडी, वारा हलका, राजेवाडी तलावात पाणी असलं तर तिथवरची सकाळ अगदी बघण्यासारखी. पण याच दिवसांत कारखाने चालू असतात. उसाच्या ट्रॉलीला मागं दिवा असेलच असं नाही, आणि रस्ता अरुंद. अंधारात सायकल नकोच. मडगार्डला लाल रिफ्लेक्टर लावा, अंगात फिकट रंगाचा सदरा घाला, आणि दोन ट्रॉल्यांच्या मध्ये कधी शिरू नका. सिद्धनाथाच्या यात्रेच्या दिवसांत आणि आषाढीला पंढरपूरच्या रस्त्यावर गर्दी असते, तेव्हा वाड्यांच्या आतल्या रस्त्यांनी जा. कडाक्याच्या थंडीत रक्तदाब थोडा चढतो. पन्नाशीपुढच्यांनी उजाडल्यावरच निघावं आणि पहिली दहा मिनिटं अगदी सावकाश चालवावं.

वेडी बाभूळ मात्र बाराही महिने असते. तिचा काटा टायर सहज भोसकतो. म्हणून पंक्चर काढायला प्रत्येकानं शिकावं, बायांनी तर नक्कीच: पाना, टायर काढायच्या पट्ट्या, सोल्युशन, ठिगळं, घासपेपर आणि हातपंप. ट्यूब बसवण्याआधी टायरच्या आतून बोटं हळूच फिरवा. काटा तिथंच राहिला तर दहा मिनिटांत दुसरं पंक्चर.

कुत्री मागं लागली तर जोरात पळवू नका. उतरा आणि सायकल आपल्या नि कुत्र्याच्या मध्ये धरून उभे राहा. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्या. हळद, चुना, मिरची काही लावू नका. पडून खरचटलं तर धनुर्वाताचं इंजेक्शन केव्हा घेतलं होतं ते आठवा.

लांबचा पल्ला

महिनाभर रोज अर्धा तास नीट झाला की रविवारी अंतर वाढवायला लागा. पहिल्या रविवारी १५ किलोमीटर, पुढं दर आठवड्याला तीन-चार किलोमीटरची भर. चौथ्या आठवड्यात उलट थोडं कमी करा, शरीर त्या विश्रांतीत भरून येतं. अशा चालीनं सहा महिन्यांत ६०-७० किलोमीटर सहज होतात. साध्या सायकलवर तासाला १२ ते १५ किलोमीटर हा चांगला वेग आहे.

लांब सायकल चालवण्याचा एक जगभराचा खेळ आहे. त्यात शर्यत नसते, वेळेची मर्यादा असते: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत. महाराष्ट्रात पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरकडं असे दौरे होतात. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका आडवी पार करणारी शर्यत एकट्यानं पुरी केली. पुण्याच्या प्रीती मस्के यांची गोष्ट आम्हाला जास्त जवळची वाटते. दोन मुलांची आई, आजारपण आणि नैराश्यातून बाहेर पडायला चाळिशीत सायकल हातात घेतली, आणि २०२२ साली, ४५व्या वर्षी, लेह ते मनाली हे ४३० किलोमीटरचं डोंगरी अंतर ५५ तास १३ मिनिटांत एकटीनं पार केलं. आपल्याच माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. दम या मातीत आहे. पण वस्तीतल्या चाळिशीच्या बाईनं गोंदवल्यापर्यंत जाऊन यावं, याला आम्ही तेवढंच मोठं मानतो.

खाण्यापिण्याला बाजारातली पुडी लागत नाही. निघण्याआधी तासभर भाकरी-भाजी, नाहीतर केळं. एक तासापेक्षा जास्त चालवायची असेल तर दर पाऊण तासाला थोडं खा: शेंगदाणे-गूळ, राजगिऱ्याचा लाडू, खजूर. भूक लागेपर्यंत थांबलं तर पाय एकदम गळतात. पाणी तासाला साधारण अर्धा लिटर, उन्हात जास्त. पण तीन-चार तास घाम गाळत नुसतं पाणीच ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन डोकं गरगरतं, उलट्या होतात. लांब पल्ल्यात मीठ घातलेलं ताक किंवा लिंबूपाणी घ्या. घरगुती जलसंजीवनी करायची तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. वाटेत तंबाखूची चिमूट नको. तिनं नाडी आणि रक्तदाब दोन्ही चढतात.

मधुमेहवाल्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. इन्सुलिन घेत असाल किंवा साखर पटकन उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर लांब सायकलवर साखर धोक्याच्या खाली जाऊ शकते, कधी घरी आल्यावर रात्रीही. हात थरथरणं, दरदरून घाम, एकदम भूक, चिडचिड, डोळ्यांपुढं अंधारी असं झालं की लगेच उतरा. तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्या, पंधरा मिनिटं थांबा, फरक नाही पडला तर पुन्हा घ्या, आणि मग काहीतरी पोटाला खा. खिशात साखरेची पुडी आणि 'मला मधुमेह आहे' लिहिलेली चिठ्ठी ठेवा. लांबच्या दिवशी डोस किती घ्यायचा ते आधी डॉक्टरांना विचारा. पायांना बधिरपणा असेल तर चप्पल नको, बंद बूट घाला आणि घरी येताच तळवे पाहा. रक्तदाब १८०/११०च्या वर असेल तर तो उतरेपर्यंत सायकल नाही. आणि छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम सुटणं हे पित्त समजून कुणी घरी परत चालवत येऊ नये. जिथं आहात तिथं बसा आणि १०८ला फोन लावा.

वस्तीतल्या पोरी-बायांचा एक गट आमच्यामागं लागला आहे, त्यांना साताऱ्याला जायचं आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचं नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलात दाखल झालं, आजचं प्रतापसिंह हायस्कूल. महाराष्ट्रात तो विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. म्हसवडहून सातारा ९० किलोमीटरच्या आसपास. माण नदी दहिवडीकडून आपल्याकडं वाहत येते, म्हणजे आपण तिच्या उलट, चढाला लागणार. दहिवडी सोडल्यावर महिमानगडाच्या बाजूचा चढ दमवतो. म्हणून एका दिवसात नको. पहिल्या दिवशी गोंदवले, दहिवडी करत पुसेगावला मुक्काम, दुसऱ्या दिवशी कोरेगावमार्गे सातारा. दर पाच जणींमागं एक पंप आणि एक पंक्चरची पेटी, सगळ्यांत पुढं आणि सगळ्यांत मागं अनुभवी बाई, मधली कुणीही एकटी मागं पडणार नाही. श्रावणात सराव सुरू केला तर कार्तिकापर्यंत होतो. परत येताना सायकली टेम्पोत टाकायच्या, भाडं वाटून घ्यायचं. एसटीनं यायचं असेल तर सायकल चढवतात का ते आगारात आधी विचारून ठेवायचं. काही वर्षी दिवाळी याच सुमारास येते आणि दुरुस्तीची दुकानं चार-पाच दिवस बंद राहतात, तेव्हा टायर-ट्यूबचं काम आधीच उरकून घ्या.